भांगाची भरती

जेलची बाटली मी आधी काखेत धरते, दहा मिनिटं.
सिस्टर लिन्सी हसते, पण तिनंच शिकवलंय हे:
एक हजार ऐंशी ग्रॅमच्या अंगावर
गार थेंब पडला
तर बाळ श्वास घ्यायचं विसरतं.

नेरूळ, दुसरा मजला, रात्रीचा दीड.
पेटीवर चिकटपट्टी: जागृतीचं बाळ.
एकोणतिसाव्या आठवड्यात आलेल्यांना
नाव ठेवायला घरचे बिचकतात.
नाकात नळ्या, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत,
बाटली अखंड बुडबुडतेय,
शेजारी बसून कुणी याच्या वाटचं श्वसन करावं तशी.

प्रोब माझ्या करंगळीएवढा,
तरी या छातीवर तो पाय पसरून बसल्यासारखा दिसतो.
पडद्यावर आधी येते फुप्फुसाची कड,
एक रेघ, श्वासागणिक जराशी सरकणारी.
तिच्याखाली काळं दिसायला हवं.
वहीसारख्या आडव्या रेघा, मधे स्वच्छ काळोख.
काळोख म्हणजे हवा.

इथं सगळं पांढरं.
वरून खालपर्यंत उभे पट्टे, एकमेकांत मिसळलेले,
वाळत टाकलेल्या जाळ्यासारखे.
शाळेत पांढऱ्या रंगावर निबंध लिहून घेणाऱ्या बाईंना
एकदा इथं आणायला हवं.

सहा जागा, प्रत्येकीला शून्य ते तीन.
उजवीकडे वर दोन, काखेखाली दोन, खाली तीन.
डावीकडेही तेच.
चौदा.
फोनवर शेट्ये सर अर्धवट झोपेत म्हणाले, "द्या."

केसासारखी नळी, दुधासारखं औषध,
पावणेतीन मिलि.
पांढऱ्यावर पांढरं ओतलं.
त्या एवढ्याशा कुपीची किंमत हरेशनं विचारली नाही,
लिन्सीनंही कागद उलटा करून ठेवला.

दोन तासांनी प्राणवायू पंचेचाळीसवरून अठ्ठावीसवर.
मी पुन्हा प्रोब टेकवला.
तेरा.
यंत्र म्हणतं बरं आहे, पडदा म्हणतो थांब.
पुस्तकात आहे ते, चित्र मागाहून येतं म्हणून.
पहाटे चारला पुस्तकावर विश्वास ठेवायला
वेगळं काळीज लागतं.

काचेपलीकडे हरेश, दिवाळ्याचा, स्वतःची होडी आहे.
हिरवा गाऊन उलटा घातलेला, नाड्या पुढे.
"पानी उतरला का, डाक्टर?"
मी म्हटलं, थोडं.
'थोडं' हा शब्द आम्ही फार वापरतो.
त्यानं अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली.
"आज आठम. भांगाचा पानी.
चढतपन नाय, उतरतपन नाय, हलूहलू सरकतं.
घाय नको करू."

जे मी त्याला समजवायचं
ते मला समजावून
तो जिन्यावर जाऊन बसला.

एक्स-रे असता तर सगळ्यांना बाहेर काढावं लागलं असतं.
दुसऱ्या संध्याकाळी जागृती आतच होती, चाकाच्या खुर्चीत.
पेटीच्या भोकातून आत गेलेलं तिचं एक बोट
बाळानं धरलेलं, की बोटानं बाळाला, कळत नव्हतं.
सकाळी तिनं काजळाची डबी आणली होती,
लिन्सीनं ती पर्समध्ये परत ठेवायला लावली.

जेल काखेत. दहा मिनिटं.
उजवीकडे वर:
रेघ सरकली
आणि तिच्याखाली काळं.
तिटेएवढं, मग बोटभर.
मी पडदा जागृतीकडे वळवला.
"हे काय?" ती घाबरली.
"हे चांगलं," मी म्हटलं. "हे काळं चांगलं."
ती बघत राहिली.
मग हळूच, मला दिसणार नाही असं,
रिकामी मूठ बाळावरून ओवाळून
तिनं कानाशी बोटं मोडली.

सात.
डावीकडे खाली मात्र तीन अजून तसाच.
कागदावर लिहिलं, सही केली, वेळ टाकली,
आणि तारखेपुढे,
कशासाठी ते कुणी विचारलं तर सांगता येणार नाही,
नवमी.